सगुणा साळूची डुबकी

एका जंगलात, बाळांनो, एक भाजीबाजार भरायचा. जंगलात बाजार कसा, असं विचारू नका. जंगल म्हणजे नुसती झाडं आणि डरकाळ्या, असं ज्याने तुम्हाला सांगितलं त्याने जंगल पाहिलेलंच नाही. या जंगलात ससे पालक लावायचे, रानडुकरं रताळी काढायची, अस्वलं पेरूची बाग राखायची. रोज सकाळी सगळे आपापल्या पाट्या घेऊन बाजारात यायचे. आता मांडी घालून बसा आणि ऐका.

बाजाराच्या तोंडाशी एक डबकं होतं. एका बाजूने बारीक झरा आत यायचा आणि दुसऱ्या बाजूने पाणी निघून जायचं. पण त्याला डबकं म्हणायची कुणाची छाती नव्हती. सगळे त्याला तळं म्हणायचे, कारण त्यात नानासाहेब बसायचे.

नानासाहेब म्हणजे रेडा. बाजार समितीचे अध्यक्ष. बाजार भरायच्या आधी ते पाण्यात उतरत आणि बाजार उठला की बाहेर येत. मधल्या वेळात त्यांचं चरणं तिथेच, रवंथ तिथेच, आणि चरून झाल्यावर पोटाचं जे काही पुढचं काम असतं तेही तिथेच. हसू नका. अध्यक्षांनाही पोट असतं.

या बाजाराची एक रीत होती. आत शिरताना प्रत्येकाने तळ्यात उतरून आपली भाजी बुडवून काढायची. याला म्हणायचे डुबकी. डुबकी मारलेली भाजी चकाकायची. पाणी ठिबकत असलं की गिऱ्हाइकाला वाटायचं, आत्ताच वाफ्यातून उपटून आणली. जुडी जरा जडही व्हायची, पण ते कुणी मोठ्याने बोलत नसे. शिवाय वाकून जुडी बुडवताना नानासाहेबांना आपोआप नमस्कार घडायचा. ही रीत कुणी पाडली हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे ती फार चांगली आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

डुबकी चुकवायची ती एकटी सगुणा.

सगुणा म्हणजे साळू. काट्यांची, ठेंगणी, तोंडाने फटकळ. ती मेथी, पालक आणि काकडी लावायची. आता तुम्हाला वाटेल, सगुणा फार शहाणी असणार, तिला तळ्याच्या पाण्याबद्दल आधीच काहीतरी समजलं असणार. छे! तिला वात होता. गार पाण्यात पाय घातला की तिची कंबर धरायची. शिवाय ती अंमळ आळशी होती. सकाळी उशिरा उठायची, तळ्याकाठची रांग बघून नाक मुरडायची आणि जांभळाच्या झाडामागून हळूच आत सटकायची. तिची मेथी कोरडी असे. मुळांची माती झटकलेली, वर पळसाची पानं झाकलेली, दिसायला जरा मलूल.

तिच्याकडे गिऱ्हाईक कमीच. पण जागा मात्र फर्मास होती. बाजारात शिरल्याबरोबर जांभळाची दाट सावली, तिथे सगुणा बसायची. तिची आई तिथेच बसायची. उन्हातान्हात माल सुकत नाही, येणाराजाणारा समोरूनच जातो. या जागेवर सगुणाचा जीव होता. बाकी काही गेलं तरी चालेल, पण जांभळाखालची जागा जाता कामा नये, असं ती म्हणायची. बाजाराचा नियम असा, की ज्याच्या मालात दोष सापडेल त्याची जागा जाणार. शेजारी उन्हात बसणारा शिदोबा ससा रोज त्या सावलीकडे बघून उसासा टाकायचा.

सगुणाचं एक पक्कं गिऱ्हाईक म्हणजे वानरआजी. दात पडलेले, डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोलायला कुणाला हार जायची नाही.

"सगुणे, तुझी भाजी आज पन सुकल्यालीच हाय का गं?" आजी रोज विचारायची.

"मग दुसरीकडं घे की! त्यो शिदोबा बसलाय बघ पाणी ठिबकवत."

"त्याच्या भाजीनं माझी वटी भिजती. बांध दोन जुड्या."

असं त्यांचं चालायचं.

मग एका उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला. तळं आटलं. नानासाहेब मात्र तेवढेच राहिले. उलट ऊन फार म्हणून ते बाजार उठल्यावरही पाण्यातून हलेनात. तळ्याचा रंग आधी चहासारखा झाला आणि मग न सांगण्यासारखा. डुबकी चालूच होती.

आणि जंगलाचं पोट बिघडलं.

कसं बिघडलं ते मी सांगणार नाही, तुमच्या आया मला रागावतील. एवढंच सांगतो की जंगलात झुडपं कमी पडायला लागली. हरणं धावत होती, पण मागे वाघ नव्हता. वाघही धावत होता, पण हरणांच्या मागे नव्हे. सिंहमहाराजांना वैद्याने मांस बंद करून बाजारातल्या चकाकत्या काकडीवर ठेवलं होतं. दोन दिवसांत महाराजांची डरकाळी थांबली. डरकाळी फोडायची तर पोट आवळावं लागतं, आणि तेवढं धाडस महाराजांना होईना.

महाराजांनी खालच्या आवाजात हुकूम सोडला, "चौकशी करा."

चौकशीला बगळे साहेब आले. अन्नसुरक्षा निरीक्षक. पांढरे स्वच्छ, एक पाय वर, मान वाकडी. बाजारात सगळीकडे चिखल आणि कुजका पाला. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि उभं राहायला त्यातल्या त्यात बरी जागा निवडली. नानासाहेबांची पाठ.

"या, या," नानासाहेब म्हणाले. "आपलंच समजा."

साहेब ऐटीत उभे राहिले. वरून सगळा बाजार दिसत होता. फक्त पायाखालचं तेवढं दिसत नव्हतं.

आधी शिबिर झालं. त्याचं नाव 'सुरक्षित भाजी, निरोगी जंगल'. साहेब जे बोलले ते अगदी खरं होतं, बाळांनो, मी त्यांची चेष्टा करत नाही. ते म्हणाले, शेणखत चांगलं कुजवूनच वाफ्यात घाला, ताजं शेण पालेभाजीच्या जवळ नेऊ नका. ज्याचं पोट बिघडलंय त्याने तोडणीला जाऊ नये. हाताला जखम असेल तर बांधून घ्या. टोपली मातीत टेकवू नका, माल सावलीत ठेवा. आणि भाजी धुवायचीच असेल तर जे पाणी आपण स्वतः पिऊ शकू त्याच पाण्याने धुवा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. नानासाहेबांनी सगळ्यांत जोरात डोलावली. साहेबांचा तोल जाता जाता वाचला.

मग हात धुण्याचं प्रात्यक्षिक झालं. ज्याला हात होते त्याने हात धुतले, नसतील त्याने खूर किंवा पंजे धुतले. बोटांच्या मध्ये, नखांच्या खाली, मनगटापर्यंत चोळून चोळून धुतले. कुठे? तळ्यात. दुसरीकडे पाणी होतंच कुठे? सगळ्यांना डोक्याला घालायला टोप्याही वाटल्या. शिदोबाने आपली टोपी एका कानात अडकवली.

सगुणाला काही शहाणपणाचं सुचायचं नाही, पण डोळ्यांसमोर जे दिसतं ते ओठांवर यायचं. ती म्हणाली, "साहेब, पिण्याजोगं पाणी म्हणता, मग ह्ये पाणी तुमी पिता का?"

सगळा बाजार नानासाहेबांकडे बघू लागला.

साहेबांनी मान खाली घातली. डाव्या डोळ्याने पाहिलं, मग उजव्या डोळ्याने पाहिलं. "कुठलं पाणी?" ते म्हणाले.

त्याच वेळी नानासाहेबांच्या मागच्या बाजूला पाण्यात मोठाले बुडबुडे आले. साहेबांनी वर धरलेला पाय आणखी वर घेतला.

"बाई," साहेब म्हणाले, "आपण पुराव्यावर चालतो. चला, चौकशी सुरू करू."

चौकशी फार शास्त्रीय होती. साहेबांनी एकेकाला पुढे बोलावलं. कुणाची भाजी खाल्ली? पोट बिघडलं का? रानडुकराची रताळी खाणारे आजारी. अस्वलाचे पेरू खाणारे आजारी. शिदोबाचा पालक खाणारे तर झुडपातूनच उत्तरं देत होते. शेवटी वानरआजी आली. टुणटुणीत.

"आजी, आपण भाजी कुणाकडची घेता?"

"ह्या सगुणीची. सुकल्याली, मरतुकडी. माज्याबिगर कोन घेतंय?"

"आणि पोट?"

"पोटाला काय झालंय? दगड दे, पचवीन."

साहेबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केला. निरीक्षक विचार करतात तेव्हा असेच दिसतात. मग डोळे उघडून म्हणाले, "बाजारात सगळ्यांचा माल एकसारखा आहे. सगळे डुबकी घेतात, सगळे टोप्या घालतात. एकटी ही बाई वेगळी वागते. आणि सगळं जंगल आजारी असताना हिचं गिऱ्हाईक तेवढं ठणठणीत! हे संशयास्पद नाही का?"

"आहे!" शिदोबा झुडपातून ओरडला.

"हिला आधीच काही माहीत होतं का?"

"असणार!" सगळा बाजार म्हणाला.

सगुणाचे डोळे विस्फारले. "अवो, मला वात हाय! म्हनून म्या पान्यात उतरत न्हाई!"

"वातासाठी नियम बदलता येत नाही," साहेब म्हणाले. "उद्यापासून सगळ्यांसारखी डुबकी घ्यायची. नाही घेतली, तर जागा गेली."

सगुणाने जांभळाकडे बघितलं. तिला रडूच आलं. आई तिथे बसायची, तिच्या पाठीने घासून खोडाची साल गुळगुळीत झाली होती. डुबकी मारणं तिला नको होतं. पण ती जागा शिदोबाच्या बुडाखाली बघणं त्याहून नको होतं. म्हणाली, "घेती डुबकी."

दुसऱ्या दिवशी सगळा बाजार तळ्याकाठी जमला. दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला वेळ नसतो, असं कधी झालंय का? सगुणा दोन्ही हातांत पालकाच्या जुड्या धरून काठावर उभी राहिली. पाणी बघून तिची कंबर आधीच कळवळली. तोंडावर गार पाणी नको म्हणून ती पाठमोरी झाली आणि उलटी उलटी पाण्यात उतरू लागली. तळं आटलेलं, नानासाहेब ऐसपैस. मागे सरकायला जागा होती ती त्यांच्यापर्यंतच.

पाणी कमरेला लागलं. सगुणाच्या अंगावर सर्रकन शहारा आला.

साळूला शहारा आला की काय होतं, ठाऊक आहे ना? काटे उभे राहतात. सगळे. एकदम.

नानासाहेबांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून महाराजांना वाटलं आपलीच डरकाळी परत आली. नानासाहेब उठले. कित्येक वर्षांत कुणी त्यांना बाजाराच्या वेळी उभं पाहिलं नव्हतं. लहानांना तर अध्यक्षांना पाय असतात हेच माहीत नव्हतं. पाठीवरचे बगळे साहेब चिखलात पालथे पडले आणि उठले तेव्हा कावळे साहेब वाटत होते. नानासाहेब तळ्याबाहेर पडले आणि करवंदीच्या जाळ्या तुडवत गेले. मागे पार्श्वभागात काट्यांचा झुबका हलत होता. पुढे तीन दिवस साहेब चोचीने एकेक काटा उपटत होते. सरकारी काम होतं ते.

इकडे सगुणाने कशीबशी डुबकी पुरी केली. पालक ठिबकत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिची भाजी चकाकली.

"आज कशी ताजी दिसतीया!" वानरआजी म्हणाली आणि हौसेने एक जुडी जास्त घेतली.

नानासाहेब गेले होते, बाळांनो, पण नानासाहेबांनी केलेलं सगळं पाण्यातच होतं. ते काही एका दिवसात वाहून जात नाही. त्या रात्री आजीला जुलाब सुरू झाले. म्हातारं शरीर ते. सकाळी सगुणा बघायला गेली तेव्हा आजी पालापाचोळ्यात आडवी पडली होती. बोलायला कुणाला हार न जाणारी आजी नुसतं बघत होती. सगुणाने मीठ-साखरेचं पाणी उकळून, गार करून तिच्या तोंडात थेंबाथेंबाने घातलं. माझ्या हातची भाजी, ती सारखी म्हणत होती, माझ्या हातची. आजी जगली, पण उठून बाजारात यायला तिला पुष्कळ दिवस लागले.

त्या पुष्कळ दिवसांत तळ्यावर काय झालं ते ऐका. सगुणा रोज डुबकीला यायची, हुकूमच होता. रोज सकाळी नानासाहेब काठापर्यंत येत, सगुणाला पाठमोरी उभी बघत, आणि त्यांना काहीतरी तातडीचं काम आठवे. ते खाली दूरच्या डबऱ्यात जाऊन बसू लागले. मध्येच वळवाच्या दोन सरी आल्या आणि झरा पुन्हा वाहता झाला. चिखल खाली बसला. घाण वाहून गेली. एक दिवस तळ्याचा तळ दिसला. त्यात गोटे होते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि साथ थांबली. झुडपं रिकामी झाली. महाराजांनी एकदा घाबरत घाबरत डरकाळी फोडून बघितली. काही झालं नाही.

साहेबांनी निकालासाठी सभा बोलावली. वानरआजी पहिल्यांदाच काठी टेकत आली होती. साहेब म्हणाले, "साळू डुबकी घेत नव्हती, तेव्हा साथ होती. साळू डुबकी घेऊ लागली आणि साथ थांबली. यावरून दोष कुणाचा होता, हे शेंबड्या पोरालाही समजेल."

टाळ्या पडल्या. शिदोबाने जांभळाखालच्या जागेची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला सुरुवात केली.

सगुणाचा संताप संताप झाला. खरं काय ते तिला आता पुरतं समजलं होतं. तळ दिसल्या दिवशीच समजलं होतं. ती बोलायला उठली. एवढ्यात नानासाहेब उठले. त्यांना बसायचा अजून त्रासच होता.

"बंधुभगिनींनो," नानासाहेब म्हणाले, "आपण मोठ्या मनाचे आहोत. सगुणाताई आमच्या भगिनी आहेत. चूक कुणाची होत नाही? मी तर म्हणतो, चूक झालीच नव्हती! आपण त्यांना निर्दोष जाहीर करू. जांभळाखालची जागा त्यांना कायमची देऊ. आणि त्यांचा तो वात बघता, डुबकीतून त्यांना आजच्या आज मोकळं करू. मग मीही आपल्या सेवेला तळ्यात पुन्हा रुजू होईन."

बोलायला उठलेली सगुणा परत खाली बसली.

बघा, बाळांनो, सगळं मिळत होतं. जागा मिळत होती, नाव धुऊन निघत होतं, कंबरही वाचत होती. नुसतं "उपकार झाले" म्हणायचं होतं. तिला ते म्हणायचंही होतं. जिभेवर आलंच होतं. मग तिची नजर वानरआजीकडे गेली. आजीच्या गळ्याची कातडी लोंबत होती आणि तिने काठी दोन्ही हातांनी धरली होती.

"साहेब," सगुणा म्हणाली, "चूक माजीच हाय."

"अहो, नाही!" नानासाहेब म्हणाले.

"माजीच हाय. समदं जंगल माज्यापायी आजारी पडलं. मला शिक्षा द्या."

"माफ केलं म्हटलं ना!" नानासाहेबांचा आवाज चढला.

"माफी नगं. रोज डुबकी घ्यायची शिक्षा द्या. जल्मभर द्या. पाठमोरीच उतरीन."

"साहेब, बाई आजारी आहे, तिला दया दाखवा!" नानासाहेब जवळजवळ रडले. गुन्हेगार शिक्षा मागतोय आणि अध्यक्ष माफीसाठी हात जोडतायत, असं त्या जंगलात आधी कधी घडलं नव्हतं.

बगळे साहेबांनी पंखाने डोळे पुसले. एवढा पश्चात्ताप त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी निकाल दिला. सगुणा साळूने जन्मभर रोज सकाळी डुबकी घ्यावी. आणि असा गुन्हेगार कोपऱ्यात लपून बसता कामा नये. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा, पोराबाळांना धडा मिळावा, म्हणून तिने बाजाराच्या तोंडाशी, जांभळाखालीच बसावं.

शिदोबाने मोजणं थांबवलं आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

जांभळाला पाटी ठोकली गेली: 'हिच्यामुळे साथ आली होती.' सगुणा त्या पाटीखाली बसते. आया पोरांना बोटाने दाखवतात, ती बघ ती घाणेरडी साळू, आणि पुढे जाऊन शिदोबाकडून पालक घेतात. पालक स्वच्छ गोट्यांवरच्या पाण्यात धुतलेला असतो. कुणाचं पोट दुखत नाही. कुणी बोट दाखवलं की सगुणाला अजूनही भयंकर राग येतो, आणि कंबर तर दुखतेच.

आणि दर सकाळी, अजून उजाडतंय तोवर, नानासाहेब हळूच काठापर्यंत येऊन बघतात, ती आज तरी आजारी पडलीय का.

तात्पर्य: साथ आली की आजारी कोण पडलं हे शोधत बसू नये. कोण पडलं नाही ते शोधावं आणि आधी त्याला सुधारावं. हात मात्र सगळ्यांनी स्वच्छ धुवावेत. पाण्यात कोण बसलंय, हे बघायचं काम आपलं नाही.